जागतिक मूल्यसाखळीतील छत्रपती संभाजीनगर परिसर

जागतिक मूल्यसाखळीतील छत्रपती संभाजीनगर परिसर हा लेख महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे नाव औरंगाबाद) हे शहर, त्याभोवतीच्या औद्योगिक वसाहती आणि लगतचा जालना जिल्हा यांचा जागतिक उत्पादनव्यवस्थेतील सहभाग विशद करतो. या परिसरात दुचाकी व तीनचाकी वाहने, वाहनांचे सुटे भाग, मोटारींची जुळणी, औषधे, प्रकाशीय तंतू, पॉलिएस्टर फिल्म, पोलाद आणि बियाणे हे प्रमुख उद्योग आहेत. यांतील काही माल येथून थेट परदेशी जातो, काही देशातील इतर औद्योगिक केंद्रांतील उत्पादनांत मिसळून जातो, तर काही उद्योग आयात मालावर प्रक्रिया करून तो देशांतर्गत बाजारात विकतात. त्यामुळे केवळ निर्यातीच्या आकड्यावरून या परिसराचा सहभाग जोखता येत नाही. साखळीच्या कोणत्या पायरीवर तो उभा आहे आणि निर्माण झालेल्या मूल्यापैकी किती वाटा येथे राहतो, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे ठरतात.

शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. काही संस्था व प्रकल्प यांच्या नावांत जुने नाव टिकून आहे. या लेखात अशा ठिकाणी प्रचलित नावेच वापरली आहेत.

== संकल्पना ==

एखादी वस्तू कल्पनेपासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत संशोधन, आराखडा, कच्चा माल, सुटे भाग, जुळणी, वाहतूक, विपणन व विक्रीपश्चात सेवा अशा अनेक टप्प्यांतून जाते. प्रत्येक टप्प्यावर तिच्या मूल्यात भर पडते. या टप्प्यांच्या मालिकेला मूल्यसाखळी म्हणतात. हे टप्पे वेगवेगळ्या देशांत विभागले गेले की ती जागतिक मूल्यसाखळी होते. मूल्यसाखळी हा शब्द अमेरिकन अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये व्यवस्थापनशास्त्रात रूढ केला. पुढे समाजशास्त्रज्ञ गॅरी जेरेफी यांनी १९९० च्या दशकात देशोदेशी विखुरलेल्या उत्पादनाच्या अभ्यासासाठी या विचाराचा विस्तार केला. साखळीचे नियंत्रण कोणाकडे असते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

तैवानमधील एसर या संगणक कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास साखळीतील मूल्यवाटपाचे चित्र हसऱ्या ओठांच्या आकाराच्या रेषेने दाखवले. संशोधन व आराखडा हे या रेषेचे एक उंच टोक असून नाममुद्रा व विपणन हे दुसरे टोक आहे. प्रत्यक्ष उत्पादन व जुळणी मधल्या खोलगट भागात येते. कारखाना आला म्हणजे मूल्यही आले असे नाही, हे या रेषेवरून समजते.

== प्रदेशाच्या सहभागाचे प्रकार ==

देशाच्या पातळीवर सहभागाचे दोन प्रकार मानले जातात. निर्यात होणाऱ्या वस्तूत आयात केलेला माल वापरला जातो, तेव्हा त्यास पश्चगामी सहभाग म्हणतात. आपण निर्यात केलेला कच्चा माल वा सुटा भाग दुसऱ्या देशाच्या निर्यातीत मिसळतो, तेव्हा त्यास अग्रगामी सहभाग म्हणतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि जागतिक व्यापार संघटना यांनी २०१३ मध्ये मूल्यवर्धनावर आधारित व्यापाराची आकडेवारी प्रसिद्ध केल्यापासून देशांचे असे मोजमाप सुकर झाले.

देशांतर्गत प्रदेशांच्या बाबतीत तिसरा प्रकारही विचारात घ्यावा लागतो. एक प्रदेश दुसऱ्या प्रदेशामार्फत जगाशी जोडलेला असू शकतो. वाळूज येथील कारखान्यात घडलेला सुटा भाग पुणे जिल्ह्यातील चाकण येथे मोटारसायकलीवर चढला आणि ती मोटारसायकल युरोपात विकली गेली, तर निर्यात चाकणच्या नावावर दिसते. वाळूजच्या श्रमाचे मूल्य त्या आकड्यात दडलेले असते. याउलट वाळूजमधून निर्यात झालेल्या रिक्षाच्या किमतीत इतर राज्यांतील पोलाद, रबर व विद्युत भाग यांचे मूल्य अंतर्भूत असते. बंदर असलेल्या प्रदेशाची निर्यात त्यामुळे फुगलेली दिसू शकते, तर अंतर्भागातील प्रदेशाची प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

गोदावरीकाठचे पैठण (प्राचीन प्रतिष्ठान) ही सातवाहनांची राजधानी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर (आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर) यांचा उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोच बंदरात नेले जाई व तेथून ते पश्चिमेकडे रवाना होई. या अंतर्भागाने दुसऱ्या प्रदेशातील बंदरामार्फत जगाशी व्यापार करण्याची पद्धत अशी सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे.

मलिक अंबर याने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी या नगराचे पुढे औरंगाबाद झाले. मोगल काळात हे दख्खनच्या सुभ्याचे केंद्र असल्याने येथे हिमरू, मशरू आणि पैठणी या वस्त्रांना राजाश्रय लाभला. पैठणीची निर्मिती आजही आंतरप्रादेशिक साखळीचे सुबोध उदाहरण आहे. तिचे रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून आणि जर सुरतेहून येते. विणकाम, नक्षी आणि नाव मात्र स्थानिक असते. पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाल्याने हे नाव कायद्याने संरक्षित झाले आहे.

निजामाच्या राजवटीत मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे मराठवाड्याचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला, परंतु मोठे आधुनिक उद्योग फारसे उभे राहिले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा मराठवाडा हा त्यातील औद्योगिकदृष्ट्या मागास विभाग होता.

== औद्योगिक वसाहतींची उभारणी ==

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना १९६२ मध्ये झाली. मुंबई–पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत, यासाठी राज्य शासनाने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबवली. तीत मागास भागात येणाऱ्या उद्योगांना करसवलती व अन्य लाभ देण्यात आले. शहरात रेल्वे स्थानक परिसर, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा अशा क्रमाने वसाहती वाढत गेल्या. १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ (आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) आणि साचे व हत्यारे बनवण्याचे प्रशिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम या संस्थांमुळे कुशल मनुष्यबळ उपलब्ध झाले.

बजाज ऑटो कंपनीचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. या घटनेने परिसराची दिशा निश्चित केली. मोठ्या कारखान्याला दररोज लागणारे सुटे भाग जवळच मिळावेत म्हणून पुरवठादारांचे जाळे उभे राहिले. स्थानिक बोलीत या लघुउद्योजकांना 'व्हेंडर' म्हणतात. मोठ्या कंपनीच्या आराखड्याप्रमाणे व तिने दिलेल्या मालावर ते जे काम करून देतात, त्यास 'जॉबवर्क' असे नाव आहे.

== प्रमुख साखळ्या ==

=== दुचाकी व तीनचाकी वाहने ===

वाळूज येथे तयार होणाऱ्या मोटारसायकली व प्रवासी रिक्षा आफ्रिका, लॅटिन अमेरिका, पश्चिम व दक्षिण आशिया येथे जातात. २०२१–२२ या वर्षात बजाज ऑटोने आपल्या सर्व कारखान्यांतून मिळून २५ लाखांहून अधिक वाहने निर्यात केली. देशांतर्गत विक्रीपेक्षा ही संख्या अधिक होती. नायजेरियात 'ओकाडा' या नावाने चालणाऱ्या प्रवासी मोटारसायकलींत या कंपनीची बॉक्सर लोकप्रिय आहे. काही देशांत वाहन सुट्या भागांच्या संचाच्या रूपात पाठवले जाते व त्याची जुळणी तेथे होते. अशा व्यवहारात आराखडा व नाममुद्रा भारतीय कंपनीच्या ताब्यात असते आणि अखेरच्या जुळणीचे काम परदेशी होते.

=== मोटारींची जुळणी ===

चेक प्रजासत्ताकातील स्कोडा कंपनीने शेंद्रा येथे २००१ मध्ये मोटारींचे उत्पादन सुरू केले. पुढे ऑडीच्या मोटारींची जुळणीही येथे होऊ लागली. येथील कामाचा मोठा भाग युरोपातून आलेल्या सुट्या भागांच्या जुळणीचा आहे, म्हणजे मूल्याचा मोठा अंश परदेशातच निर्माण झालेला असतो. याच समूहाने भारतासाठी आखलेल्या, स्थानिक भागांचे प्रमाण अधिक असलेल्या कुशाक व स्लाव्हिया या मोटारींचे उत्पादन चाकण येथे होते. एकाच उद्योगसमूहाच्या दोन कारखान्यांत दोन वेगळ्या प्रकारचा सहभाग कसा असू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

आयात माल 'सुटे भाग' समजावा की 'जुळणीचा संपूर्ण संच', यावर सीमाशुल्काचा दर अवलंबून असतो. संचावरील शुल्क अधिक असते. या वर्गीकरणावरून सीमाशुल्क विभागाने २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडिया कंपनीकडे सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी केली. कंपनीने या मागणीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

=== औषधे ===

वोक्हार्ट, ल्युपिन आणि अजंता फार्मा या कंपन्यांचे कारखाने चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण आदी ठिकाणी आहेत. या साखळीत खरेदीदारापेक्षा नियामकाचे नियंत्रण अधिक प्रभावी असते. अमेरिकेत औषध विकायचे असल्यास तेथील अन्न व औषध प्रशासनाची कारखान्याला मान्यता लागते. या प्रशासनाने २०१३ मध्ये वोक्हार्टच्या वाळूज आणि चिकलठाणा येथील कारखान्यांच्या मालावर आयातबंदीचा इशारा लागू केला. दर्जाविषयक नोंदींमधील त्रुटींमुळे हजारो किलोमीटर अंतरावरील बाजार बंद होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले.

=== प्रकाशीय तंतू व फिल्म ===

स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही कंपनी येथे दूरसंचारासाठी लागणारा प्रकाशीय तंतू बनवते. अनेक कंपन्या काचेचा तयार दांडा (प्रीफॉर्म) विकत घेऊन त्यापासून तंतू ओढतात. ही कंपनी दांडाही येथेच तयार करते. त्यामुळे साखळीचे अधिक टप्पे परिसरातच राहतात. गरवारे हाय-टेक फिल्म्स (पूर्वीचे नाव गरवारे पॉलिएस्टर) या कंपनीचे कारखाने वाळूज व चिकलठाणा येथे आहेत. मोटारींच्या व इमारतींच्या काचांवर लावण्याची, ऊन व उष्णता रोखणारी तिची फिल्म अमेरिकेसह अनेक देशांत जाते.

=== जालन्याचे पोलाद ===

जालना हे बांधकामाच्या सळयांचे मोठे उत्पादनकेंद्र आहे. तेथील भट्ट्या भंगारावर चालतात आणि त्यातील काही भंगार परदेशातून येते. सळया मात्र प्रामुख्याने देशांतर्गत बाजारात विकल्या जातात. आयात माल वापरला, पण उत्पादन निर्यात झाले नाही, तर रूढ व्याख्येनुसार तो पश्चगामी सहभागात मोजला जात नाही. तरीही जागतिक भंगार बाजारातील चढउतारांचा परिणाम जालन्यातील भट्टीवर व तेथील रोजगारावर होतोच.

=== कापूस व बियाणे ===

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी कापसामार्फत जागतिक साखळीत सहभागी आहे. कापूस जिनिंगमध्ये जातो आणि सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या जातात. यातील मोठा भाग सूतकताई व कपडेनिर्मितीसाठी अन्य राज्यांत किंवा परदेशी जातो. सूत, कापड आणि तयार कपडे या अधिक मूल्याच्या पायऱ्या बव्हंशी विभागाबाहेर पार पडतात.

साखळीचा आरंभ असलेले बियाणेही जगाशी जोडलेले आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे स्थापन केलेल्या महिको कंपनीने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या सहकार्याने बीटी कापूस भारतात आणला. त्यास मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. बियाण्याच्या किमतीत तंत्रज्ञानाच्या मालकीपोटी रक्कम समाविष्ट असे आणि ती शेतकऱ्याकडून वसूल होई. ही रक्कम वादाचा विषय ठरल्यावर केंद्र शासनाने २०१५ च्या आदेशान्वये कापूस बियाण्याच्या किमती नियंत्रित केल्या. बियाण्याचा हक्क एका टोकाला, कपड्याची नाममुद्रा दुसऱ्या टोकाला आणि पावसाची जोखीम मात्र मध्ये उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या माथी, असे या साखळीचे स्वरूप आहे. शासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते माफ केले, तेव्हा कापडउद्योगाने त्याचे स्वागत केले, तर शेतकरी संघटनांनी विरोध केला. एकाच साखळीतील दोन घटकांचे हितसंबंध परस्परविरोधी असू शकतात, हे या प्रसंगातून दिसते.

== बंदराशी जोडणी ==

परिसरातील निर्यात मुख्यतः नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातून होते. समुद्रापासूनचे अंतर हा येथील उद्योगांचा कायमचा अतिरिक्त खर्च आहे. मनमाडपासूनचा लोहमार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाल्याने मालाची गाडी बदलण्याची अडचण दूर झाली. दौलताबादजवळील माळीवाडा येथे कंटेनर आगार असून जालन्याजवळ ड्राय पोर्ट विकसित करण्यात आले आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ७०१ किलोमीटर लांबीचा हा मार्ग दोन्ही जिल्ह्यांतून जातो.

== साखळीतील चढण व पीछेहाट ==

सुट्या भागांच्या पुरवठ्यापासून सुरुवात करून वरच्या पायऱ्यांकडे सरकणे, यास साखळीतील उन्नयन म्हणतात. १९८५ मध्ये ॲल्युमिनियमच्या ओतकामाने आरंभ झालेल्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने पुढे सस्पेन्शन, ब्रेक व क्लच यांचे उत्पादन हाती घेतले, तसेच इटली व जर्मनी येथे कारखाने मिळवले. स्थानिक पुरवठादार युरोपीय मोटार कंपन्यांचा तेथेच पुरवठादार बनल्याचे हे उदाहरण आहे.

ही चढण एकदिशा नसते. व्हॅरॉक या येथील दुसऱ्या कंपनीने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकन कंपनीचा वाहनदिव्यांचा व्यवसाय घेतला, परंतु २०२२ मध्ये युरोप व अमेरिका खंडांतील चारचाकींच्या दिव्यांचा व्यवसाय फ्रान्समधील प्लास्टिक ऑम्नियम कंपनीला विकला. पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा दूरचित्रवाणीच्या चित्रनळ्यांचा व्यवसाय खरेदी केला. त्याच सुमारास जगभर सपाट पडद्यांनी चित्रनळ्यांची जागा घेण्यास सुरुवात केली होती. पुढे कर्जबाजारी झालेल्या या समूहावर २०१८ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली.

== जोखमी व मर्यादा ==

'''दूरच्या बाजारांवरील अवलंबित्व :''' परदेशातील निर्णयांचे पडसाद वाळूजमध्ये उमटतात. श्रीलंकेने २०२० मध्ये परकीय चलन वाचवण्यासाठी वाहनांची आयात थांबवली. नायजेरियाचे चलन नायरा २०२३ मध्ये झपाट्याने घसरले, तेव्हा तेथील ग्राहकाला मोटारसायकल महाग झाली आणि निर्यात घटली. २०२१ मधील चिपटंचाई आणि २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांवर घातलेले निर्यातनिर्बंध यांनी भारतातील वाहन उत्पादनास फटका बसला. मोठ्या कंपनीने उत्पादन कमी केले की पहिला आघात एकाच ग्राहकावर विसंबलेल्या व्हेंडरवर आणि त्याच्याकडील कंत्राटी कामगारावर होतो.

'''पाणी :''' शहर आणि औद्योगिक वसाहती पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून आहेत. गोदावरीच्या वरच्या भागातील धरणांतून पाणी सोडण्यावरून नाशिक–अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात वारंवार वाद उद्भवतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत आणि अन्य उद्योगांच्या पाण्यात २५ टक्के कपातीचा आदेश दिला. येथून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूत गोदावरीच्या पाण्याचाही अंश असतो, मात्र तो मूल्याच्या हिशेबात दिसत नाही.

'''विभागांतर्गत विषमता :''' मराठवाड्यातील उद्योग एका शहराभोवती एकवटले आहेत. बीड, हिंगोली, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांचा सहभाग शेतमाल आणि स्थलांतरित श्रम यांपुरताच मुख्यत्वे मर्यादित आहे. विभागीय असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये आणि केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. शहराची निर्यात वाढल्याने विभागाचा अनुशेष आपोआप भरून निघत नाही.

== ऑरिक व नवे प्रकल्प ==

दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याअंतर्गत शेंद्रा आणि बिडकीन येथे सुमारे १०,००० एकरांवर औरंगाबाद इंडस्ट्रियल सिटी (ऑरिक) विकसित होत आहे. तेथील ऑरिक हॉल या प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. दक्षिण कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा ताणल्या जाणाऱ्या स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना येथे कार्यरत आहे. कापसाच्या गाठी बाहेर पाठवणाऱ्या जिल्ह्यातच परदेशी कंपनी कृत्रिम धागा तयार करते, हे या परिसरातील दोन समांतर साखळ्यांचे वैशिष्ट्य होय. टोयोटा किर्लोस्कर मोटर कंपनीने जुलै २०२४ मध्ये सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रस्तावित गुंतवणुकीचा सामंजस्य करार राज्य शासनाशी केला. विद्युत दुचाकी बनवणाऱ्या एथर एनर्जीनेही बिडकीनची निवड केली आहे.

== मोजमाप ==

भारतात २०२० पासून निर्यातीच्या शिपिंग बिलात मालाचे मूळ राज्य व जिल्हा नोंदवावा लागतो. 'जिल्हा हे निर्यातकेंद्र' या केंद्र शासनाच्या उपक्रमात या नोंदींचा उपयोग होतो. त्यामुळे बंदराच्या नावावर दडलेली निर्यात काही प्रमाणात मूळ जिल्ह्याच्या नावे दिसू लागली. तथापि ही नोंद निर्यात मालाच्या संपूर्ण किमतीची असते, जिल्ह्यात झालेल्या मूल्यवर्धनाची नसते. आयात भागांपासून जुळवलेली एक कोटींची वस्तू आणि स्थानिक मालापासून घडवलेली एक कोटींची वस्तू या आकड्यांत सारख्याच दिसतात. चाकणमार्गे परदेशी गेलेला वाळूजचा भाग त्यात दिसतच नाही. प्रदेशाचा खरा वाटा समजण्यासाठी वस्तू कोठून निघाली यासोबतच वेतन, नफा, तंत्रज्ञानाचे शुल्क आणि कर यांपैकी काय कोठे गेले, याची आंतरप्रादेशिक आदान-प्रदान कोष्टके लागतात. अशा कोष्टकांमुळे औद्योगिक धोरणाचे यश कारखान्यांच्या संख्येऐवजी परिसरात टिकून राहिलेल्या मूल्यावरून तपासता येते.